घर बसलं

काठखेडात पाऊस पडे, झाड पडे, कापसाचा भाव तर दर साली पडे. घर मात्र कधी पडत नसे. घर बसे. भिंत खाली आली, छत मोडलं, लाकडं अंगणात येऊन पडली, तरी गावकरी म्हणायचा, ‘घर बसलं.’ बैल थकून बसतो आणि दम खाऊन पुन्हा उठतो, तसं. ‘पडलं’ हा शब्द त्यांनी एकाच प्रसंगासाठी राखून ठेवला होता. घरातला शेवटचा पुरुष गेला, मागे दिवा लावणारं कोणी उरलं नाही, की मग वाडा चांगला उभा असला तरी लोक आवाज खाली आणून म्हणत, ‘अमक्याचं घर पडलं,’ आणि म्हणताना कानाच्या पाळीला हात लावत. आपल्याच घराबद्दल हा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे घरातल्या पोराच्या जिवावर उठायचं, हे तिथे कोणाला शिकवावं लागत नसे.

आता ही गोष्ट मलकापूरच्या कचेरीत नव्यानेच आलेल्या पुण्याकडच्या कारकुनाला कोणी सांगायची? कोणीच सांगितली नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

पुंजाजी हा धाबी घालणारा माणूस. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. खाली लाकडं, त्यावर काड्या, त्यावर पळसाची पानं, मग चिखलाचा थर आणि सगळ्यात वर नदीच्या दरडीतली पांढरी माती. ही माती ओली असताना लाकडी चोपण्याने चोपायची. किती चोपायची ते पुंजाजी कानाने ठरवी. सुरुवातीला आवाज बद्द येतो, मग हळूहळू तो टणक होत जातो, तो एका ठरावीक जागी आला की पुंजाजी चोपणं खाली ठेवी आणि म्हणे, “झालं. आता येऊ द्या पाऊस.” गावातली निम्मी धाबी त्याच्या हातची होती. त्याचं स्वतःचं घर नदीकडच्या गल्लीत शेवटचं, दोन खणांचं. चौकट कडुलिंबाची होती आणि ती त्याने स्वतः बसवलेली.

आणि एवढ्या नावाजलेल्या माणसाचं स्वतःचं धाबं एका आषाढात गळलं. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ते धाबं त्या साली निवृत्तीने चोपलं होतं. निवृत्ती त्याचा एकुलता मुलगा, एकोणीस वर्षांचा. चुलीवर पाणी ठिबकायला लागलं तसा पुंजाजीचा तोल सुटला. गल्ली ऐकत होती आणि हा ओरडत होता, “एवढं चोपणं जमत नाई तुले, त माया धाब्याखाली राहू नको बे!” पाऊसकाळ सरल्यावर निवृत्ती खामगावला कापसाच्या जिनात कामाला गेला. एका हंगामासाठी जातो म्हणाला. पहिल्या वर्षी त्याचं एक कार्ड आलं. मी खुशाल आहे, दिवाळीला येतो, असं त्यात होतं. कुठल्या दिवाळीला, ते लिहायचं राहून गेलं असावं.

त्या कार्डानंतर काही नाही. पुंजाजी दोनदा खामगावला जाऊन आला. कोणी अकोला सांगितलं, कोणी मुंबई, कोणी नुसतीच मान हलवली. त्याची बायको मनकर्णाबाई मात्र कुठे गेली नाही की कोणाला विचारायला लागली नाही. गावच्या भंडाऱ्याला माणशी शेरभर ज्वारी द्यायची रीत होती; ती दर साली तीन शेर मोजून देई. गोळा करणाऱ्यांनी पहिल्या वर्षी एकमेकांकडे पाहिलं, पुढे पुढे मुकाट्याने झोळी पुढे करू लागले. नवऱ्याला ती ‘निवृत्तीचे बा’ म्हणूनच हाक मारी. दिवसातून दहा वेळा ते नाव कानावर पडे, आणि दहाही वेळा पुंजाजीला आपले ते शब्द आठवत. त्याची एकच इच्छा उरली होती. निवृत्तीने एकदा यावं, त्याच चौकटीतून वाकून आत यावं, आणि आपण त्याला म्हणावं, बस, याच धाब्याखाली बस.

त्या साली भाद्रपदात पूर्णा नदी गावात आली. तीन दिवस गाव पाण्यात आणि गावातली माणसं वरच्या बरडाच्या माळावर. पाणी उतरलं तेव्हा घरं बरीचशी उभी दिसली आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. पण मातीच्या घराचं दुखणं पाणी गेल्यावर बाहेर येतं. कडक ऊन पडलं आणि एकेक भिंत आतून सुटायला लागली. चौथ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाई घरात भिजलेले दाणे चाळत होती. पुंजाजीला भिंतीतून बारीक करकर ऐकू आली. आयुष्यभर माती कानाने ओळखणारा माणूस तो. त्याने बायकोचा दंड धरला आणि तिला फरफटत अंगणात आणलं. मागे सगळं घर एकदम खाली आलं. धूळ बसल्यावर पाहिलं तर चौकट तेवढी उभी होती.

“बसलं,” पुंजाजी म्हणाला.

“बसू द्या. उठवू पुन्हा,” मनकर्णाबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसून दाणे वेचायला लागली.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले. तिथून हुकूम सुटला की काठखेड खालून उचलायचं आणि बरडावर नवं वसवायचं. ज्याचं घर पुरात गेलं त्याला वर जागा, शिवाय लाकूड आणि छपराची कवेलू सरकारातून. हुकूम चांगलाच होता, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. यादी करायला वामनराव नावाचे कारकून आले. वरच्या गल्ल्या त्यांनी स्वतः फिरून पाहिल्या. नदीकडच्या गल्लीत मांडीइतका गाळ होता. त्यांनी धोतर वर खोचून दोन पावलं टाकली, मग मागे फिरून बाभळीखाली घोंगडी टाकली आणि त्या गल्लीतल्या लोकांना तिथेच बोलावून घेतलं.

“नाव?”

“पुंजाजी जी.”

“घराचं काय झालं?”

“बसलं जी.”

वामनरावांनी मान वर केली. “बसलं म्हणजे? घर आहे ना?”

घर नाही असं कुठला शहाणा माणूस म्हणेल? “हाय जी,” पुंजाजी म्हणाला. “जाग्यावरच बसलं हाय.”

“छान. नशीबवान आहात,” असं म्हणून वामनरावांनी कागदावर ‘घर कायम’ असं सुंदर अक्षरात लिहिलं. साहेब आपली समजूत काढतो आहे असं पुंजाजीला वाटलं. परत येऊन तो बायकोला म्हणाला, “मानूस बोलाले लय गोड हाय वं.”

कार्तिकात चावडीवर यादी वाचली गेली. वर जागा मिळालेल्यांची नावं पटवाऱ्याने एका दमात वाचली. त्यात हिंमतराव पाटलांच्या गोठ्याचंही नाव होतं, आणि जागा कोपऱ्यावरची, रस्त्याला लागून. गोठ्याला काही वंश नसतो, त्यामुळे पाटलांनी ‘पडला’ म्हणून ठणकावून सांगितलं होतं. पुंजाजीचं नाव निघालं ते दुसऱ्या यादीत. ज्यांची घरं कायम आहेत त्यांनी खालीच राहावं. आणि पुढे असं होतं की जुन्या गावात यापुढे कोणी नवी भिंत घालायची नाही, पडझडीची जागा संक्रांतीपर्यंत मोकळी करायची.

म्हणजे कागदावर घर होतं म्हणून वर जागा नाही, आणि जमिनीवर घर नव्हतं म्हणून खाली राहायची सोय नाही. सरकारच्या दोन्ही हुकमांच्या मधोमध पुंजाजी नेमका सापडला होता.

बरडावर साखळीने मोजणी चालली होती तिथे त्याने वामनरावांना गाठलं. माणूस वाईट नव्हता. एव्हाना गाळ वाळला होता. ते मुकाट्याने खाली आले, मातीचा ढीग पाहिला, त्यापुढे उभी असलेली एकटी चौकट पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अहो, हे तर पडलंय!”

पुंजाजीने घाईघाईने कानाला हात लावले. “असं नोका म्हनू जी.”

मग कुठे वामनरावांना सगळा उलगडा झाला. ते ढिगावरच बसले. चूक त्यांची होती आणि ती त्यांनी कबूल केली. पण यादीवर शिक्का उठला होता. दुरुस्ती करायची तर मलकापूरला नायब तहसीलदारांपुढे घरधन्याने स्वतः उभं राहून जबानी द्यायची. छापील कागदात दोनच रकाने, ‘पडले’ आणि ‘कायम’. नायबसाहेब मोठ्याने विचारणार, घर पडलं का? घरधन्याने म्हणायचं, पडलं. तिसरं काही चालत नाही.

“घर बसलं, असं लिहा ना जी.”

“तेच लिहून तर बसलोय,” वामनराव म्हणाले. “एक शब्द आहे हो. पौष संपायच्या आत या. मी सगळं तयार ठेवतो.”

गल्लीत कडूबाचंही असंच झालं होतं. त्याच्या घरालाही वामनरावांनी कायम करून टाकलं होतं. पण कडूबाला चार मुलगे, चारही दांडगे आणि डोळ्यांपुढे वावरणारे. तो मलकापूरला गेला, ‘पडलं’ म्हणाला, बाहेर येऊन तीनदा थुंकला आणि जागा घेऊन आला. “म्हनून टाक अन् थुकून टाक,” त्याने पुंजाजीला सांगितलं. “देवाले समजते बाप्पा. कचेरीतलं बोलनं देव कायले धरते?”

पुंजाजीला ते पटल्यासारखं झालं. घरी येऊन त्याने बायकोपुढे विषय काढला. घरी म्हणजे त्याच ढिगावर, चार मेढी आणि कापसाच्या पऱ्हाट्यांचा आडोसा करून ते राहत होते. मनकर्णाबाई भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

“कडूबाची पोरं डोयापुढं हायेत,” ती म्हणाली. “आपलं कुठी हाय, कसं हाय, तुमाले तरी मालूम हाय का? अन् तुमी बापाच्या तोंडानं म्हनसान, घर पडलं? पोराच्या जिवावर मले घर नको.”

“मंग राहाचं कुठी?”

“हे काय, राह्यलोच ना.”

एकदा आपण त्या पोराला असंच काही बोललो होतो आणि ते खरं झालं, ही गोष्ट पुंजाजी विसरला नव्हता. त्याने विषय सोडला.

थंडी वाढली. बरडावर घरं उठू लागली. सगळ्यांच्या डोक्यावर लाल कवेलू. तिथे धाब्याचं काम नव्हतं, त्यामुळे पुंजाजीला कोणी बोलावलं नाही. तरी तो रोज वर जाई. एखाद्याच्या नव्या भिंतीवरून हात फिरवी, उगाच बोटाने ठोकून पाही, आणि घरधन्याने पाहिलं की हात मागे घेई. खाली आला की आपल्या चौकटीच्या उंबऱ्यावर बसे. पुढे अंगण, मागे नुसता ढीग. त्याला घर हवं होतं. लपवण्यासारखं काय आहे त्यात? साठीच्या माणसाला आपल्या हातच्या चार भिंतींत पाठ टेकावीशी वाटत होती, आणि ती ओढ त्याला जेवू देत नव्हती.

वडनेर भोलजीला त्याची मुलगी दिलेली होती, विमल. संक्रांत आठवड्यावर आली तशी ती आणि जावई बैलगाडी घेऊन न्यायला आले. जावई भला माणूस. ओसरीवर तट्ट्या बांधून त्याने सासूसासऱ्यांसाठी जागा केली होती. “चाला बा आता. लोकाईची लाज किती दिवस धरता?” विमल म्हणाली. पुंजाजी लेकीच्या घरी पाणी पिऊन निघणारा माणूस, तिथे त्याने कधी मुक्काम केला नव्हता. उठून त्याने आडोशातून आपलं चोपणं आणलं आणि जावयाच्या गाडीत ठेवलं.

मनकर्णाबाईने ते पाहिलं. ते चोपणं गावाबाहेर गेलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती गाडीजवळ गेली, चोपणं उचललं आणि परत आडोशात नेऊन ठेवलं.

“तुमी जा घरी,” ती लेकीला म्हणाली. “आमाले उद्या मलकापूरले जाचं हाय.”

दुसऱ्या दिवशी कडूबाने त्यांना गाडीने नांदुऱ्यापर्यंत सोडलं आणि तिथून ती दोघं रेल्वेने मलकापूरला गेली. वाटेत पुंजाजीने दोनदा विचारलं, “म्हनू ना मी?” मनकर्णाबाई खिडकीबाहेर पाहत राहिली.

वामनरावांनी खरोखर सगळं तयार ठेवलं होतं. त्यांनी दोघांना आत नेलं आणि कागद नायबसाहेबांपुढे ठेवला. नायबसाहेब घाईत होते. चष्मा वर सरकवून त्यांनी वाचलं, “पुंजाजी, मौजे काठखेड. तुमचं घर पुरात पडलं का?”

पुंजाजीने हात जोडले. तोंड उघडलं. आवाज म्हणून निघेना.

“ऐकू येत नाही का? घर पडलं का?”

“साहेब, घर...” पुंजाजी म्हणाला. त्याला वाकून चौकटीबाहेर जाणारी निवृत्तीची पाठ दिसली. पुढचा शब्द जिभेवर आला होता. तो बाहेर पडला की ते पोर जिथे असेल तिथे खाली कोसळेल, असं त्याला अगदी खरं वाटलं. वामनराव मान खाली घालून उभे होते.

“नसेल पडलं तर चला, वेळ घेऊ नका,” नायबसाहेबांनी कागद बाजूला केला.

“पडलं जी.”

मागून आवाज आला होता. मनकर्णाबाई पदर नीट करून पुढे आली. तिने कानाला हात लावला नाही. नायबसाहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन ती पुन्हा म्हणाली, “पडलं. आमचं घर पडलं. लिहून घ्या.”

ज्या बाईने चार महिने उघड्यावर काढले, ती हे बोलली होती. पुंजाजी तिच्याकडे पाहत हलक्या आवाजात म्हणाला, “काऊन वं? तूच त नाई म्हनत होती ना?”

“त्यानं याचं त कुठी याचं?” ती म्हणाली. “इमलच्या ओसरीवर?”

नायबसाहेबांना यातलं काही कळलं नाही आणि कळून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही. त्यांनी पुंजाजीचा अंगठा घेतला, सही केली आणि कागद वामनरावांकडे सरकवला. पुढचं काम कारकुनाचं होतं. वामनराव दोघांना बाहेरच्या पडवीत आपल्या मेजाकडे घेऊन आले. दौतीत टाक बुडवून ते म्हणाले, “आता जागेचं बघू. दोन माणसांना दोन खण, त्याच्यावर असतील तर तीन. घरात माणसं किती?”

तो शब्द उच्चारला गेला होता, आता दोनच म्हणायला हवं होतं. पुंजाजीने दोन बोटं वर केली.

“तीन,” मनकर्णाबाई म्हणाली.

वामनरावांनी पुंजाजीची दोन बोटं पाहिली. मग बाईकडे पाहिलं. पटवाऱ्याच्या यादीत या घरची माणसं किती आहेत ते त्यांना पाठ होतं, यादी त्यांच्याच कोपराखाली होती. ती त्यांनी उघडली नाही.

“तिसऱ्याचं नाव?”

“निवृत्ती पुंजाजी.”

“वय?”

तिला मोजावं लागलं नाही. “तीस.”

“सध्या कुठे असतात?”

पुंजाजीने डोळे मिटून घेतले. मनकर्णाबाई मेजाजवळ सरकली. बाहेर आवारात कोणी तरी गाडी उभी करत होतं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या, आणि तिने सवयीने एकदा तिकडे वळून पाहिलं.

“बाहेर गेला हाय जी,” ती म्हणाली. “येऊन राह्यला.”

वामनरावांचा टाक थांबला. नक्की कळलं की नाही म्हणून त्यांनी ते तिचेच शब्द एकदा मनात म्हणून पाहिले. त्यांना आता चूक करायची नव्हती. मग त्यांनी आपल्या त्या सुंदर अक्षरात, रकान्याच्या बाहेर जाणार नाही असं बारीक लिहिलं, ‘येत आहे,’ त्यावर वाळू टाकली आणि पुढे लिहिलं, ‘तीन खण.’